पुलात पाणी कुठे मुरतंय, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या नदीवर काळ्या दगडाचा, चार कमानींचा जुना पूल आहे. गेल्या वर्षी तपासणीनंतर तो धोकादायक ठरला आणि दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे उभे राहिले. नवा पूल अडीच किलोमीटरवर. शाळा, स्मशानभूमी आणि निम्मं शिवार मात्र पलीकडे. गावानं वर्गणी काढून साडेतीन लाख जमवलेत. ओळखीतला एक ठेकेदार ‘कमानींना आतून सिमेंटचा गिलावा मारून पूल पक्का करून देतो’ म्हणतोय. दिवाळीआधी काम उरकून पूल सुरू करावा का?

नको. दिवाळीआधी तर नकोच, आणि सिमेंटचा गिलावा कधीच नको. पूल पुन्हा सुरू करण्याचा तुमचा विचार मात्र सोडू नका. गेली अठ्ठावीस वर्षं मी जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती करतोय: पूल, मोऱ्या, घाट, दोन-चार वाडे. त्यात निम्म्या वेळा मला आधीच्या दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी कमान उभी कशी राहते ते बघू. दगडी कमानीला ताण सोसत नाही, दाब मात्र ती पिढ्यानपिढ्या सोसते. वरचं वजन दगडातून दगडात उतरत खांबांत जातं आणि तिथून खालच्या खडकात. मधला कळीचा दगड बसला की खालचा लाकडी साचा काढून घेतात, आणि तिथून पुढे कमान स्वतःच्याच वजनानं घट्ट होत जाते. चुन्यानं दगड एकमेकांना चिकटलेत, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर तो त्यांच्यामधली गादी आहे. उन्हापावसानं दगड फुगले-आकसले, एखादा खांब दोन-चार मिलिमीटर बसला, तर चुना ते पचवतो. त्यामुळे जुन्या कमानीत भेग दिसली की पूल चालला, असं नसतं. भेग कुठे आहे, कोणत्या दिशेनं गेली आहे आणि वाढते आहे का, एवढं कळलं पाहिजे.

आता पाणी. कमानीच्या पाठीपासून रस्त्यापर्यंत मुरूम, माती, दगडगोटे यांचा भराव असतो. तो दोन्ही अंगांनी दगडी भिंतींनी धरून ठेवलेला असतो, त्याच भिंती वर जाऊन कठडा होतात. रस्त्यावरचं पाणी या भरावात मुरतं. जुन्या गवंड्यांनी ते बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात, आणि दरजांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला, चुनाही ओलावा सावकाश बाहेर सोडतो. तुम्ही खालून सिमेंट थापलंत की ही सगळी दारं बंद. वरून पाणी येतच राहतं, जायला वाट नाही. भराव फुगतो आणि बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलू लागतो.

कृष्णाकाठच्या एका गावात हे मी डोळ्यांनी पाहिलं. तीन कमानींच्या पुलाला लोकांनी हौसेनं आतून सिमेंट फासलं होतं. दिसायला झकास, एका कमानीवर निळ्या रंगात पुढाऱ्याचं नावही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मला बोलावलं, डिसेंबरात. हातोडीनं ठोकत निघालो. ठण, ठण, ठण, आणि मग भद्द. त्या भद्द जागेवरचा तळहाताएवढा गिलावा सोडवला तर मागून गढूळ पाण्याची धार लागली, पाऊस थांबून दोन महिने होऊन गेले असताना. पाण्यासोबत पांढरा लगदा येत होता. तो दरजांमधला चुना होता, विरघळून चाललेला. वरच्या भिंतीला ओळंबा लावला, तर ती मधोमध चार इंच पोटात फुगलेली. नुसता गिलावा काढायला जो खर्च आला त्यात सगळ्या पुलाची चुन्यातली दरजाभरणी झाली असती.

तेव्हा तुमचं पहिलं काम फुकटातलं आहे. पाऊस अजून पंधरा-वीस दिवस आहे. चांगली सर पडून गेली की दोघा-तिघांनी काठावर उभं राहायचं, कमानीखाली अजिबात जायचं नाही, आणि कुठून पाणी ठिबकतंय ते बघायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सगळं जवळ दिसतं. प्रत्येक कमानीचं साधं चित्र काढून त्यावर खुणा करा: इथे ठिबकतंय, इथे पांढरे ओघळ आहेत, इथे शेवाळ आहे, इथून नुसतीच ओल. ठेवलेल्या भोकांतून पाणी पडत असेल तर उत्तम. भोकं कोरडी आणि दरजा गळतायत, असं असेल तर भोकं बुजली आहेत. बहुतेक वेळा ती डांबरानं बुजलेली असतात. रस्ता करताना जुना थर न खरवडता त्यावरच नवा ओतायची आपल्याकडे रीत आहे. एका पुलावर मला खणल्यावर फूटभर जाडीचे डांबराचे थर सापडले होते. कठडा गुडघ्याएवढा उरला होता आणि पाण्याची सगळी भोकं थराखाली.

झाडं कुठे उगवली आहेत तेही लिहा. पिंपळ, वड, उंबर. उत्साही तरुण मंडळी श्रमदानाच्या दिवशी पहिलं काय करत असतील तर पिंपळ उपटतात. मूळ दोन दगडांमध्ये मनगटाएवढं झालेलं असतं, ते ओढलं की दगडही येतो. रोप कोवळं, बोटाएवढं असेल तर हातानं काढा. त्याहून जाड असेल तर बुंध्याशी कापून थांबा. मूळ मारणं आणि पोकळी भरणं दुरुस्तीच्या वेळी होईल.

भेगांवर लक्ष ठेवायची जुनी युक्ती आजही चालते. भेगेवर आडवी, बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावायची आणि त्यावर तारीख घालायची. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. हे मात्र अभियंत्यासोबत आणि परवानगी घेऊनच करा, कारण त्यासाठी पुलाखाली जावं लागतं.

वरचं झालं. पण दगडी पूल सहसा वरून पडत नाही, खालून पडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला कमानींचा पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. वरून, कोरड्यात उभं राहून केलेल्या पाहणीत पाण्याखालचा पाया दिसत नाही. पुराचं पाणी खांबाच्या नाकाशी, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकाशी, भोवरा करतं आणि तळ उकरतं. पूर ओसरला की तो खड्डा गाळानं भरतो, आणि वरून सगळं जसंच्या तसं दिसतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात कमी असताना प्रत्येक खांबापाशी पहार खुपसून बघावी लागते: गाळ किती, खाली टणक कधी लागतं, पायाची पायरी उघडी पडली आहे का, दगड निसटलेत का. जिथे डोह आहे तिथे पाणबुड्या लागतो.

इथे तुम्हाला एक अवघड प्रश्न. पुलाच्या खालच्या अंगाला वाळू उपसतात का? तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण साडेतीन लाख वर्गणी देणाऱ्यांत त्या धंद्यातलं कुणी असेल तर आधी तिथे बोला. खालची वाळू काढली की नदीचा तळ मागे मागे खचत पुलापर्यंत येतो. तसं होत असेल तर वर कितीही चुना भरा. पुलाला खेटून बंधारा घातला असेल तर तेही सांगा, प्रवाहाची सगळी गणितं त्यानं बदलतात.

पूल शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे म्हणजे त्याचं आयुष्य संपलं, हा युक्तिवादही तुम्हाला ऐकवला जाईल. ‘इंग्लंडहून पत्र आलंय, पुलाची मुदत संपली’ ही गोष्ट मी प्रत्येक जिल्ह्यात ऐकली आहे. पत्र बघायला मागितलं की ते नेहमी दुसऱ्या कुणाकडे असतं. वयानं काही ठरत नाही. पणजी आणि रायबंदर जोडणारा लिन्हारिसचा बांध-पूल १६३३-३४ मधला आहे आणि आजही त्यावरून वाहनं जातात. तिथून हाकेच्या अंतरावर मांडवीवर १९७० च्या सुमारास बांधलेला आधुनिक पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पडला, चौघांचा जीव गेला. तो पूल जेमतेम तीस वर्षांच्या घरातला होता, आणि धोक्याचा फलक लावलेला असताना त्यावर रविवारची गर्दी, शिवाय दुचाक्या.

त्यावरून आठवलं: अडथळे काढू नका. तुमच्या तरुणांनी एका बाजूचा खांब वाकवून दुचाकीपुरती वाट केली आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ती आज बंद करा. उद्या काही झालं तर ‘आम्ही बंद केला होता, गावानं उघडला’ एवढं एक वाक्य पुरेसं असतं, आणि मग पूल पाडायचाच आदेश निघतो.

घाईनं उघडलेल्या पुलाचं काय होतं, हे मोरबीनं दाखवलं. मच्छू नदीवरचा तो झुलता पूल एकोणिसाव्या शतकातला. दुरुस्ती झाली, गुजराती नववर्षाच्या मुहूर्तावर उघडला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी तुटला. १३५ माणसं गेली. विशेष तपास पथकाच्या अहवालात आलं की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. जुन्या टांगणीच्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगनं जोडल्या होत्या. चालण्याची जमीन मात्र नवी, ॲल्युमिनियमची, चकचकीत. दुरुस्ती दिसत होती तिथे केली आणि भार जिथे होता तिथे नाही. तुमच्या ठेकेदाराचा गिलावा त्याच जातीचा आहे, म्हणून इतकं सांगतोय.

मग साडेतीन लाखांचं काय करायचं? त्यातला एक रुपयाही बांधकामावर घालू नका. पूर्ण दुरुस्तीला ते पुरणार नाहीत आणि अर्धवट दुरुस्ती महाग पडते. ते मोजणी, नकाशे आणि तपासणीवर घाला. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग अशी कामं घेतात. तपासणी करणाऱ्याला विचारा की इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ३५, एसपी ३७ आणि एसपी ४० या मार्गदर्शिकांप्रमाणे करणार का. पहिली पाहणी-देखभालीची, दुसरी भार पेलण्याची क्षमता काढायची, तिसरी बळकटीकरणाची. ‘पूल असुरक्षित आहे’ असा एका ओळीचा शेरा नको. कुठला खांब, कुठली कमान, किती टन, काय केलं तर किती टन, असं उत्तर हवं. असा कागद हातात असला की तुम्ही कार्यालयात विनंती करायला जात नाही, चर्चेला जाता.

कोणत्या कार्यालयात, हाही प्रश्नच. महाराष्ट्रात ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. घोळ होतो तो रस्ता वळवल्यावर. नवा पूल झाला, रस्त्याचा क्रमांक नव्या पुलावर गेला आणि जुना तुकडा कुणाच्याच यादीत उरला नाही. तुमचं तसंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. ग्रामसभेचा ठराव करा आणि दोन्हीकडे माहिती अधिकारात एकच प्रश्न टाका: हा पूल कोणाच्या मालमत्ता नोंदवहीत आहे? उत्तर यायला महिना लागेल, तो लागू द्या. मालक सापडल्याशिवाय निधी कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही, जिल्हा वार्षिक योजनेतही नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाला जागा आहे, पण मालकाची लेखी संमती तिथेही लागते.

जवळ संरक्षित स्मारक आहे का ते बघा. घाट, मंदिर, किल्ला, काहीही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधायला घेतला तो ब्रह्मपुरीच्या संरक्षित टेकडीमुळे असाच अर्ध्यावर अडकला. लोकांनी कृती समिती काढून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. दरम्यान जुन्याच पुलावर सगळी वाहतूक. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस कठडा तोडून नदीत गेली आणि १३ जण दगावले. नवा पूल २०१९ मध्ये सुरू झाला. दुरुस्तीला नव्या बांधकामाइतक्या अटी नाहीत, तरी परवानगी लागते. आधी अर्ज करून ठेवलेला बरा.

लोकांनी एकत्र येऊन जुना पूल परत मिळवल्याचं उदाहरण तुम्ही मागितलंत. मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीवरच्या युनियन चेन ब्रिजचं. सॅम्युएल ब्राउन या नौदलाच्या कप्तानानं १८२० मध्ये बांधलेला, १३७ मीटरचा लोखंडी साखळ्यांचा झुलता पूल. अर्धा एका देशात, अर्धा दुसऱ्या. म्हणजे दोन मालक, आणि दोन मालकांचं काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१३ मध्ये तो इंग्लंडच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेला. २०१४ मध्ये दोन्ही काठांवरच्या लोकांनी मित्रमंडळ स्थापन केलं. या मंडळींनी साखळीच्या एकाही कडीला हात लावला नाही. इतिहास गोळा केला, शाळांतल्या पोरांना पुलावर आणलं, वर्गणी काढली आणि दोन्ही बाजूंच्या परिषदांना एका टेबलावर बसवून ठेवलं. लॉटरीच्या वारसा निधीतून पैसे आले, परिषदांनी घातले. २०२० मध्ये काम सुरू झालं, पूल सुटा करून पुन्हा बांधला आणि एप्रिल २०२३ मध्ये उघडला. खर्च सुमारे एक कोटी पाच लाख पौंड. मंडळ स्थापन झाल्यापासून नऊ वर्षं! तुम्ही दिवाळी म्हणताय.

आता चुन्याचं. मालक सापडला, तपासणी झाली, निधी आला, असं धरून चालू. काम चुन्यात करायचं, आणि पाऊस संपल्यावर. कळीचा चुना विरवून मुरवायला ठेवावा लागतो, त्यात धुतलेली वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. प्रमाण माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या पुलातला जुन्या चुन्याचा खडा प्रयोगशाळेत द्या आणि त्याच्या जवळ जाईल असं मिश्रण ठरवा. गूळ किती, बेलफळाचा गर किती, उडीद घालायचे का, यावर गावात तासन्‌तास चर्चा रंगते. या गोष्टी जुन्या बांधकामांत वापरल्या जात, खोटं नाही. पण मी चुन्याची जी कामं फसलेली पाहिली ती गुळाअभावी नाही, पाण्याअभावी. दरज खोल साफ करायची, दगड आधी भिजवायचा, चुना दाबून भरायचा आणि मग ओलं गोणपाट टांगून दिवसातून चार वेळा पाणी मारायचं, दोन-तीन आठवडे. ठेकेदाराचा माणूस चौथ्या दिवशी गायब होतो. इथे गाव कामाला येतं. पाळ्या लावा. एका ठिकाणी शाळेतल्या मुलांनी संध्याकाळची पाळी घेतली होती. त्या कमानीची भरणी आजही सगळ्यात कडक आहे, आणि ठेकेदार तिचं श्रेय घेतो.

भरावातल्या पोकळ्यांत पातळ चुना कमी दाबानं सोडणं, पायाभोवती दगडी अस्तर, वरचे डांबराचे थर खरवडून पाण्याला उतार देणं ही यंत्राची आणि जाणकाराची कामं. त्यात श्रमदान नको.

पूल कोणासाठी उघडायचा हे आधीच ठरवा, कारण भांडण तिथेच होतं. शाळकरी पोरं, अंत्ययात्रा, बैलगाडी, दुचाकी यांच्यासाठी? की ट्रॅक्टरसाठीही? ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून निघालेला ट्रॅक्टर वीस टनांच्या पुढे जातो. कारखान्याच्या हंगामात अडीच किलोमीटरचा फेरा वाचतोय म्हटल्यावर फलक कोण वाचतो? फलकानं भागत नाही. रुंदी अडवणारे दगडी खांब आणि उंचीची आडवी कमान दोन्ही तोंडांना पक्की रोवावी लागते, आणि तीही ट्रॅक्टरवाल्यांना ग्रामसभेत समोर बसवून, त्यांच्या सहीनं. हे न करता उघडलेला एक पूल मी दोन हंगामांत पुन्हा बंद झालेला पाहिला आहे.

उघडल्यावरची देखभाल ही गोष्ट कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे, लांबी तिसेक मीटर. आसपासच्या चार क्वेचुआ वस्त्या दर वर्षी जूनमध्ये जुना पूल सोडून नवा विणतात. प्रत्येक घरानं दोर वळून आणायचा. २०२० मध्ये साथीमुळे विणला नाही, २०२१ च्या मार्चमध्ये तो तुटून नदीत गेला आणि जूनमध्ये पुन्हा विणला. आपल्या दगडी पुलाला दर वर्षी नवा जन्म लागत नाही, दोन दिवस लागतात: पावसाआधी एक, भोकं साफ करायला आणि रोपं काढायला; पावसानंतर एक, भेगा आणि पाया बघून वहीत लिहायला. वही ग्रामपंचायतीत ठेवा, सरपंच बदलला तरी राहील अशी.

सध्या मला ठिबकण्याच्या खुणांची चार चित्रं आणि फोटो पाठवा. भेगेचा फोटो काढताना लांब काठीला मोजपट्टी, पट्टी नसेल तर एक रुपयाचं नाणं चिकटवून ते भेगेशेजारी टेकवा, म्हणजे कमानीखाली जावं लागणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली भेग केसाएवढी आहे की हात जाईल एवढी, हे मला अजून कळलेलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरलं की मी येतो. पहार तुमच्याकडची आणून ठेवा, माझी वाकली आहे.